बेळगावातलं वडिलोपार्जित घर विकताय? खरेदीपत्रावर सही करण्याआधी कराचं गणित समजून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता असं घर नाही की ज्यातलं कुणी ना कुणी पुणे, मुंबई, गोवा किंवा आखातात नाही. मागं उरतं ते आजोबांनी बांधलेलं सोप्याचं कौलारू घर. दोन-तीन वर्षं कुलूप राहतं, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि मग भावंडं बसून विकायचं ठरवतात. पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी हाच निघतो: घर कर्नाटकात, आम्ही पैसे नेणार महाराष्ट्रात, मग कर कुणाला द्यायचा आणि सूट मिळते का?

याचं उत्तर सरळ आहे. घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर, म्हणजे कॅपिटल गेन टॅक्स, हा प्राप्तिकराचाच भाग आहे आणि प्राप्तिकर केंद्र सरकारचा. त्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. बेळगावच्या शहापुरातलं घर विकून कोल्हापुरात, पुण्यात किंवा फोंड्यात घर घेतलं तरी सूट तीच, अटी त्याच. नवं घर भारतात असलं म्हणजे झालं. सीमा आडवी येते ती स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी आणि उताऱ्याच्या बाबतीत, कारण हे विषय राज्याचे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं नको तिथं घाबरतात आणि जिथं सावध राहायला हवं तिथं गाफील राहतात.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण या लेखातल्या मूळ नियमांची चौकट तीच राहिली आहे. घर विकून घर घेणाऱ्याला मिळणाऱ्या सुटीला लोकांच्या तोंडी अजून ‘कलम ५४’ हेच नाव आहे, म्हणून मीही जुनेच क्रमांक वापरतो.

कर किमतीवर नाही, नफ्यावर

घर ९० लाखांना गेलं म्हणजे ९० लाखांवर कर, असं नाही. विक्रीच्या रकमेतून दलाली, वकिलाची फी असा विक्रीचा खर्च आणि घराची मूळ किंमत वजा करायची. उरतो तो नफा. घर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ ताब्यात असेल तर तो दीर्घकालीन नफा ठरतो आणि त्याला खास दर लागतो.

वारसाहक्कानं घर नावावर आलं त्या दिवशी कोणताही कर नाही. कर लागतो तो विकताना. पण मग मूळ किंमत कोणती? आपण तर एक रुपयाही दिलेला नाही. कायदा इथं वारसाच्या बाजूनं आहे. ज्यानं घर प्रत्यक्ष विकत घेतलं किंवा बांधलं, त्याची किंमत ती आपली किंमत, आणि त्यानं ते जितकी वर्षं सांभाळलं तो काळही आपल्याच खात्यात. वडील गेल्यावर सहा महिन्यांत घर विकलं तरी ते ‘अल्पकालीन’ होत नाही.

आपल्याकडची कितीतरी घरं १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाची आहेत. त्यांची खरेदीपत्रं मराठीत आहेत आणि त्यांतली किंमत काही हजारांत. ती किंमत धरली तर जवळजवळ सगळी विक्रीच नफा ठरेल. म्हणून कायद्यानं एक पर्याय दिला आहे: घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव हीच मूळ किंमत धरता येते. हा आकडा नोंदणीकृत मूल्यमापकाकडून, म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून, लेखी अहवाल घेऊन ठरवायचा.

इथं एक लगाम आहे. २००१ च्या त्या तारखेला सरकारी स्टॅम्प ड्यूटीसाठी जागेचा जो दर होता तो उपलब्ध असेल, तर त्याच्या वरचा बाजारभाव धरता येत नाही. ‘व्हॅल्युअरला सांगून आकडा वाढवून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. सब-रजिस्ट्रार कार्यालयातून तो जुना दर आधी काढून आणा आणि मगच अहवाल करून घ्या.

२००१ नंतर घरात भर घातली असेल, म्हणजे कौलं काढून स्लॅब टाकला, वर मजला चढवला, तर तो खर्चही मूळ किमतीत मिळवता येतो. त्यासाठी पावत्या, बँकेच्या नोंदी, महापालिकेची किंवा पंचायतीची बांधकाम परवानगी जपलेली हवी. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती यात बसत नाही. २००१ पूर्वीची कामं वेगळी धरायची गरज नाही, ती त्या वर्षीच्या बाजारभावातच आली.

साडेबारा की वीस?

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्याचा दर साडेबारा टक्के झाला, पण त्याबरोबर महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, गेली. त्यावर देशभर ओरड झाली आणि सरकारनं भारतात राहणाऱ्या व्यक्तींना व हिंदू अविभक्त कुटुंबांना एक सवलत दिली. घर किंवा जागा २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल तर दोन्ही हिशेब करायचे: वजावटीशिवाय साडेबारा टक्के, आणि महागाईची वजावट घेऊन वीस टक्के. ज्यात कर कमी, तो भरायचा.

एक काल्पनिक पण आपल्याकडं सहज घडेल असं उदाहरण घेऊ. शहापुरातलं घर २०२५-२६ या आर्थिक वर्षात ९० लाखांना विकलं. वडील २०१५ साली वारले. वारस तिघं: बेळगावातला थोरला भाऊ, पुण्यातला धाकटा आणि इचलकरंजीला दिलेली बहीण. तिघांचे वाटे सारखे, म्हणून प्रत्येकाला ३० लाख. दलाली आणि वकील मिळून ९० हजार, म्हणजे प्रत्येकी ३० हजार. घराचा २००१ चा बाजारभाव १२ लाख, म्हणजे प्रत्येकी ४ लाख.

पहिला हिशेब: २९ लाख ७० हजारांतून ४ लाख गेले, नफा २५ लाख ७० हजार. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ३ लाख २१ हजार २५० रुपये.

दुसरा हिशेब: महागाई निर्देशांक २००१-०२ साठी १०० आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. म्हणून ४ लाखांचे झाले १५ लाख ४ हजार. नफा उरला १४ लाख ६६ हजार आणि वीस टक्क्यांनी कर २ लाख ९३ हजार २००.

या घरासाठी दुसरी वाट स्वस्त पडते. दोन्हींत कराच्या रकमेवर चार टक्के सेस, म्हणजे उपकर, वेगळा.

प्रत्येक घराचं असंच होईल असं नाही. २०२५-२६ चा निर्देशांक धरून मी समीकरण मांडून पाहिलं: विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.३६ पटीपेक्षा कमी असेल तर वीस टक्क्यांची वाट फायद्याची, त्याहून जास्त असेल तर साडेबाराची. भाव भराभर चढलेल्या वस्तीत साडेबारा टक्के बरे पडतील. गल्लीतल्या जुन्या, भाव संथ वाढलेल्या घराला वीसचा हिशेब सोडू नका.

प्रत्येक भावंडाचा कर वेगळा

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती या भागाची, कारण घराघरांतली भांडणं इथं सुरू होतात. थोरला भाऊ व्यवहार करतो, सगळे पैसे त्याच्या खात्यात येतात, तो पुढं वाटून देतो. मग कराची नोटीस आली की सगळा भार त्याच्यावर, किंवा उलट, ‘कराला लागतील’ म्हणून त्यानं राखून ठेवलेल्या पैशांवर बाकीच्यांचा संशय. कायद्यात असं काही एकत्र नसतं. खरेदीपत्रात ज्याचं जितकं नाव, तितका त्याचा नफा, त्याचा कर आणि त्याची सूट. म्हणून खरेदीदाराकडून प्रत्येकाचे पैसे थेट प्रत्येकाच्या बँक खात्यात आले पाहिजेत आणि कुणाचा वाटा किती, हे खरेदीपत्रात लिहिलं गेलं पाहिजे.

वेगळा हिशेब असण्यात फायदाही आहे. उदाहरणातल्या बहिणीला दुसरं काही उत्पन्न नाही असं धरू. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, आणि भारतात राहणाऱ्याला ही न वापरलेली मर्यादा घराच्या नफ्यातून वजा करता येते. तिचा करपात्र नफा १४ लाख ६६ हजारांवरून १० लाख ६६ हजारांवर येतो आणि कर २ लाख १३ हजार २०० होतो. भावापेक्षा ८० हजारांनी कमी.

मात्र ‘बारा लाखांपर्यंत करच नाही’ हे वाक्य इथं लागू करू नका. नव्या प्रणालीतली ती सवलत पगार, व्याज, धंदा अशा नेहमीच्या उत्पन्नावरच्या कराला आहे. घराच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर त्यातून माफ होत नाही.

आता हक्कसोडपत्राविषयी. कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क १९९४ सालीच दिला आणि २००५ पासून तो देशभर आहे. तरीही आपल्याकडं बहिणीनं ‘सोडून द्यायची’ रीत चालू आहे. बहिणीनं काहीही न घेता हक्क सोडला तर तिला कर नाही. भाऊ पुढं घर विकेल तेव्हा सगळा नफा त्याचा. पण हक्क सोडण्याबद्दल तिला पैसे दिले, मग त्याला साडीचोळी म्हणा नाहीतर आहेर, तर तो तिच्या वाट्याची विक्रीच आहे आणि त्याचा नफा तिच्या हातात करपात्र होतो. पैसे द्यायचे असतील तर हक्कसोडपत्रात तसं लिहा, चेकनं द्या आणि तिचा कर किती बसेल हे तिला आधी सांगा. ‘विनामोबदला’ लिहून हातात रोख ठेवणं हे बहिणीला अडचणीत टाकणं आहे. त्याहून बरं म्हणजे तिचं नाव ठेवूनच विकावं. तिला तिचा वाटा मिळतो, तिची करमुक्त मर्यादा वापरात येते आणि एकूण कुटुंबाचा करही कमी होतो.

खरेदीपत्रातली किंमत

महाराष्ट्रात रेडीरेकनर असतो, तसा कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू, म्हणजे जागेचा सरकारनं ठरवलेला दर. सब-रजिस्ट्रार त्याच्या खाली स्टॅम्प ड्यूटी धरत नाही. प्राप्तिकरही हा दर बघतो. समजा तुम्ही ६० लाखांना विकलं आणि गायडन्स व्हॅल्यूप्रमाणं किंमत ७० लाख होते. कायदा दहा टक्क्यांचा फरक सोडून देतो, म्हणजे ६६ लाखांपर्यंत चाललं असतं. ७० लाख त्याच्या वर गेले, म्हणून तुम्हाला ६० मिळाले असले तरी कर ७० लाख धरूनच लागतो. एवढंच नव्हे, वरचे १० लाख खरेदीदाराच्या उत्पन्नातही धरले जातात. कर्नाटकात हे दर ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर वाढले. जुन्या वाड्यांना, आतल्या बोळातल्या घरांना खरोखरच त्याहून कमी भाव येत असेल, तर प्राप्तिकर अधिकाऱ्याकडं मूल्यमापन अधिकाऱ्याची मागणी करता येते. पण त्यात वेळ जातो. विसार घेण्याआधी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावर आपल्या गल्लीचा दर बघून घेणं सोपं.

थोडं चेकनं, थोडं रोख हा प्रकार अजून चालतो आणि तो विकणाऱ्यालाच महागात पडतो. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. शिवाय हिशेबात न दाखवलेली रोख नव्या घरात दाखवून सूट मागणं अवघड होतं.

कर वाचवायच्या वाटा

मुख्य वाट कलम ५४ ची. राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. नवं घर जुनं विकण्याआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधायचं. विकलेल्या घरात तुम्ही स्वतः राहत असायलाच हवं असं नाही, भाड्यानं दिलेलं असलं तरी चालतं. सगळी विक्रीची रक्कम घालायचीही गरज नाही, फक्त नफा. आपल्या उदाहरणातल्या धाकट्यानं पुण्यात ४० लाखांचा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला तर त्याच्या नफ्यावरचा कर शून्य.

‘स्वतःच्या नावावर’ हे शब्द नीट वाचा. आपल्याकडं नेमकं होतं असं की आई किंवा वडील बेळगावचं घर विकतात आणि पैसे मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घालतात. फ्लॅट मुलगा आणि सून यांच्या नावावर. मायेनं पाहिलं तर यात चूक काहीच नाही, पण आई-वडील त्या फ्लॅटचे मालक नसतील तर सूट मागण्याला आधार राहत नाही. फ्लॅट घेतानाच त्यांचं नाव घाला आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यातून थेट बिल्डरला जाऊ द्या. उतारवयात ज्यांनी आपलं एकमेव घर विकलं, त्यांच्या नावावर डोक्यावरचं छप्पर असणं हे कराच्या पलीकडंही गरजेचं आहे.

नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा, एकाऐवजी दोन घरं घेऊनही ही सूट मिळते. एक मुलाजवळ पुण्यात आणि एक छोटं बेळगावातच, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे. नवं घर मात्र तीन वर्षं विकू नका. विकलंत तर घेतलेली सूट त्याच्या खरेदी किमतीतून वजा होते आणि वाचवलेला कर पुन्हा पुढं येतो.

घर अजून ठरलेलं नसेल आणि विवरणपत्राची मुदत, साधारणपणे ३१ जुलै, जवळ आली असेल, तर नफ्याची रक्कम बँकेतल्या ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’च्या खात्यात टाकावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा नेहमीच्या ठेवीत ठेवलेले पैसे चालत नाहीत. ग्रामीण शाखांत हे खातं उघडत नाहीत, त्यामुळं खेड्यातल्या माणसानं तालुक्याच्या किंवा बेळगावच्या शाखेत आधी चौकशी करून ठेवावी. मुदतीत घर झालं नाही तर उरलेल्या रकमेवर मुदत संपते त्या वर्षी कर लागतो.

घर घ्यायचंच नसेल तर कलम ५४ ईसीचे रोखे आहेत. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी अशा सरकारी कंपन्या ते काढतात. विक्रीपासून सहा महिन्यांत, जास्तीत जास्त ५० लाख, पाच वर्षं पैसे अडकून. व्याज माफक असतं आणि त्यावर कर लागतो. तरीही ज्या बहिणीला किंवा आईला घराची गरज नाही, तिला हे रोखे सोयीचे.

घर पाडण्याआधी थांबा

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आणि अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंतींची कितीतरी घरं पडली. काही ठिकाणी घर उभं असतानाही दलाल सांगतो, ‘पाडून जागा मोकळी करा, भाव चांगला येईल.’ कराच्या दृष्टीनं या सल्ल्यानं नुकसान होऊ शकतं. कलम ५४ राहत्या घराच्या विक्रीला आहे. मोकळी जागा विकली तर कलम ५४ एफ लागतं, आणि त्यात पूर्ण सूट हवी तर फक्त नफा नव्हे, खर्च वजा जाता विक्रीची सगळी रक्कम नव्या घरात घालावी लागते. शिवाय विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त राहती घरं असतील तर ही सूटच नाही. घर उभं असेल तर तसंच विका, खरेदीपत्रात घराचं वर्णन येऊ द्या, घरपट्टीच्या पावत्या जोडीला ठेवा.

गावाकडच्यांचा एक समज असा की ‘खेड्यातलं आहे, कर नाही’. ही सवलत शेतजमिनीला आहे, घराला नाही. गावठाणातलं घर विकलं तरी नफा करपात्रच. शेतजमिनीचं अंतर शहराच्या लोकसंख्येवर ठरतं: दहा हजारांवर आणि लाखापर्यंत वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांना सहा किलोमीटर, तेही रस्त्यानं नव्हे, हवाई. निपाणी, खानापूर पहिल्या गटात, बेळगाव दुसऱ्या. त्याच्या पलीकडची शेतजमीन विकली तर हा कर नाही. घर आणि मागची शेती एकाच व्यवहारात जाणार असेल तर दोन्हींची किंमत खरेदीपत्रात वेगळी लिहून घ्या.

टीडीएस, परदेशातला भाऊ आणि विवरणपत्र

व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर खरेदीदार एक टक्का कापून सरकारात भरतो, हाच टीडीएस. पूर्वी ‘आमचा प्रत्येकाचा वाटा ३० लाखच’ म्हणून सुटता यायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मालमत्तेची एकूण रक्कम धरतात, म्हणून आपल्या उदाहरणात तिघांचेही ३०-३० हजार कापले जातील. ते तुमच्याच नावावर जमा होतात आणि करात वळते होतात. प्रत्येकाचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का, हे विसार घेण्याआधी बघा, नाहीतर कपात वीस टक्क्यांनी होते.

भाऊ दुबईत किंवा मस्कतला असेल आणि कराच्या दृष्टीनं अनिवासी असेल तर त्याचे नियम वेगळे. त्याला वीस टक्क्यांचा पर्याय नाही, साडेबाराच. करमुक्त मर्यादा नफ्याला लावता येत नाही. त्याच्या वाट्याला एक टक्क्याची कपात चालत नाही, दीर्घकालीन नफ्याच्या दरानं कापावं लागतं आणि सावध खरेदीदार ते पूर्ण रकमेवर कापतो. त्यानं व्यवहाराआधीच प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला मागावा. यात काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून तारीख ठरवताना ते धरून चाला. कलम ५४ ची सूट मात्र त्यालाही आहे.

शेवटी विवरणपत्र. सूट घेऊन कर शून्य झाला तरी, सूट घेण्यापूर्वीचा नफा करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर विवरणपत्र भरावंच लागतं. पगारदारांचा सोपा आयटीआर-१ इथं चालत नाही, सहसा आयटीआर-२ भरायचा. जिनं आयुष्यात कधी विवरणपत्र भरलं नाही त्या आईचं किंवा बहिणीचंही भरायचं आहे. तिच्या पॅनवर खरेदीदारानं कापलेली रक्कम दिसत असते, त्यामुळं तिच्या नावावर घर विकलं गेल्याचं खात्याला आधीच कळलेलं असतं, आणि विवरणपत्र नसेल तर नोटीस तिच्याच पत्त्यावर येते.